आधी उंची मोजा, मग तिकीट काढा

(मंडळाच्या पालकसभेत बालवर्गाच्या दोघी शिक्षिकांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहलीचा विषय निघाला की आपल्या मंडळात दोन तट पडतात, तसे ते यंदाही पडले आहेत. तरुण आई-बाबांना थीम पार्क हवे आहे आणि आजी-आजोबांना पावागढ, नाहीतर डाकोर. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. कार्यकारिणीने आम्हाला एवढेच विचारले आहे की, दीड ते पाच वर्षांची जी पिल्ले आपल्याकडे आहेत त्यांना कुठे न्यावे. रोज सकाळी ती आमच्या ताब्यात असतात, म्हणून प्रश्न आमच्याकडे आला. आमचे उत्तर काही जणांना आवडणार नाही, तेव्हा ते आधीच सांगून टाकतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलासाठी मोठ्या राइड्सचे पार्क निवडू नका. निवडायचेच असेल, तर त्याच्या उंचीवरून आणि त्याच्या झोपेवरून निवडा.

बालवर्गाच्या भिंतीवर उंचीची पट्टी आहे, तुम्ही सगळ्यांनी ती पाहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाची मधली उंची साधारण ९६ सेंटीमीटर धरली आहे, चार वर्षांची १०३ आणि पाच वर्षांची ११०. मुलींची यापेक्षा किंचित कमी. आता पार्कातला हिशेब बघा. मोठ्या रोलर कोस्टरला बहुतेक ठिकाणी १४० सेंटीमीटर लागतात, मधल्या राइड्सना १२०. म्हणजे तुमचा चार वर्षांचा चिरंजीव त्या दारात उभा राहील, तिथला माणूस पट्टी लावील आणि मान हलवील. मग बाबा एकटेच रांगेत लागणार, आई उन्हात मुलाला घेऊन उभी, आणि मुलगा रडतोय की मला का नाही. पुष्कळ पार्कांत मुलाचे तिकीटसुद्धा वयावर नसते, उंचीवर असते. तेव्हा घरच्या भिंतीला टेकवून, चप्पल काढून, नीट मोजा. मग त्या पार्काच्या राइड्सची यादी मागवा आणि आपल्या मुलाला चालतील अशा किती आहेत ते बोटांवर मोजा. पाच-सहाच निघाल्या तर बाकीचे पैसे तुम्ही कशाचे भरताय?

तरीही आपण तेच पार्क का निवडतो, याचा आम्ही विचार केला. आज जे पस्तीस-चाळिशीचे आई-बाबा आहेत, त्यांच्या लहानपणी मुंबईला मावशीकडे सुट्टीत जायचे आणि गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायचे, बोटीतून खाडी ओलांडून, हे ठरलेले होते. ते १९८९ साली सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद पडले. त्या दिवसाचा आनंद अजून मनात आहे, आणि तो आपल्या लेकराला द्यावा असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण तो आनंद दहा-बारा वर्षांच्या मुलाचा होता. तीन वर्षांच्या मुलाला तो आणखी सात वर्षांनी द्या, तो तेव्हा जास्त घेईल.

आता झोप. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, आणि त्यातली थोडी दुपारची असते. आमच्याकडे साडेअकरानंतर कोणाला काही शिकवायला जाऊ नये, इतके ते ठरलेले आहे. डोळे चोळणे सुरू झाले की गोष्टसुद्धा नको असते. पार्कवाले मात्र दिवसभराचे तिकीट देतात आणि आपण ते वसूल करायला बसतो. दुपारी एक वाजता चाळीस मिनिटांची रांग, संध्याकाळी लेझर शो, रात्री दहाला बसमध्ये. दुसऱ्या दिवशी ताप आला की आपण म्हणतो, पाणी बाधले. लहानग्यांची सहल अर्ध्या दिवसाची असावी आणि येण्या-जाण्याचा वेळ तिथे घालवलेल्या वेळेपेक्षा कमी असावा, हा आमचा साधा हिशेब आहे.

तिसरी गोष्ट भीतीची. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा जवळ आला की काही मुले नाचायला लागतात आणि काही बाबांच्या खांद्यात तोंड खुपसतात. आपलं मूल कोणत्या गटातले आहे ते या दहा दिवसांत नीट बघून ठेवा. जे खांद्यात तोंड खुपसते त्याला अंधारातल्या राइडमध्ये, ओरडणाऱ्या डायनासोरपुढे किंवा हवेत धूर सोडणाऱ्या थिएटरात नेऊ नका. या वयात खरे आणि सोंग यांतली रेघ अजून पक्की झालेली नसते. मोठ्या डोक्याचा ससा हात मिळवायला आला तर आत माणूस आहे हे तुम्हाला कळते, त्याला फक्त ससा दिसतो, आणि तोही बाबांपेक्षा उंच. ‘घाबरट आहे, सवय झाली पाहिजे’ असे म्हणून ढकलू नका. आमच्याकडे एक मुलगी अशा सहलीनंतर तीन आठवडे पडदा लावलेल्या खोलीत जायला तयार नव्हती.

सुरक्षेबद्दल बोलताना आम्हा दोघींना थोडे जड जाते. १८ जानेवारी २०२४ ला आपल्याच गावात, हरणीच्या तलावात, शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुले आणि त्यांच्या २ शिक्षिका गेल्या. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्या दोघींच्या जागी आम्हीही असू शकलो असतो, हे मनातून जात नाही. त्याच वर्षी २५ मेला राजकोटच्या गेम झोनला आग लागली, सुट्टीचा शनिवार होता, मुलांची गर्दी होती. त्या जागेला अग्निशमन खात्याचा दाखला नव्हता हे नंतर सगळ्यांनी वाचले. म्हणून सांगतो, कुठेही आत गेल्यावर आधी बाहेर पडायची दारे किती आणि कुठे आहेत ते बघा, एकच असेल तर आत थांबू नका. बोटीत सगळ्यांना मापाचे जॅकेट मिळत नसेल तर बोट सोडून द्या. पैसे भरलेले असले तरी सोडून द्या. मोठ्यांच्या मापाचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटून वर जाते, ते घातल्याचा उपयोग नाही.

राइडची एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मांडीवर येणारा लोखंडी दांडा दोघांना मिळून एकच असेल, तर तो मोठ्या माणसाच्या मांडीला लागून थांबतो. शेजारच्या लहान मुलाच्या मांडीवर मग वीतभर जागा मोकळी राहते आणि गाडी वळली की मूल त्या फटीतून सरकते. एका पार्कात आम्ही असाच एक मुलगा पाळण्यातून उतरवून घेतला होता. चालवणारा म्हणाला, ‘बेन, कांई नथी थतुं, रोज बेसे छे.’ रोज बसतात हे खरेच असेल. आम्ही तरी बसू दिले नाही.

बरं, मग जायचे कुठे? आपल्या हातात जे आहे त्यापासून सुरुवात करू.

कमाटीबाग. महाराज सयाजीरावांनी १८७९ साली केलेली, विश्वामित्रीच्या काठावरची. घराजवळ आहे म्हणून आपण तिला सहल समजत नाही, पण तीन वर्षांच्या मुलाचे डोळे लावून बघा. हरणे, माकडे, पाणघोडा, सावलीची मोठी झाडे, धावायला गवत. पिंजऱ्यापुढे वीस मिनिटे उभे राहायचे असेल तर रांग मागून ढकलत नाही. मोठ्या गटाला म्युझियममध्ये नेता येते. १८९४ सालच्या त्या इमारतीत देवमाशाचा भला थोरला सांगाडा आहे आणि त्याच्याखाली उभे राहिल्यावर मुलांचे जे तोंड उघडते ते कुठल्याही रोबोपुढे उघडलेले आम्ही पाहिले नाही. ममीच्या खोलीत मात्र दोन-अडीच वर्षांच्यांना नेऊ नका. आणि छोट्या गाडीच्या रुळांजवळ मुलाचा हात क्षणभरही सोडायचा नाही. पुन्हा, कमाटीबागेत आठवड्याने परत जाता येते. लहान मुलाला तेच परत हवे असते. आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही.

भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले आणि आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करून पुढे महाराष्ट्रात गेल्या. मुलाने स्वतःच्या हातांनी काहीतरी करावे, हे त्या दोघांचे सांगणे. पट्ट्याने बांधून घेतलेल्या राइडमध्ये मुलाला करायला काही नसते. वाळू, पायऱ्या, घसरगुंडी, वाळकी पाने यांत ते तासभर रमते. ही आमच्या पेशाची खोड म्हणा, पण पार्क निवडताना आम्ही आधी वाळूचा हौद शोधतो.

थोडे लांब जायचे असेल तर केवडिया. तिथे २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुलांचे पोषण उद्यान सुरू झाले. त्यात छोटी आगगाडी फिरते आणि फलशाक गृहम्, पयोनगरी, अन्नपूर्णा अशा स्टेशनांवर थांबते. गाडी हळू जाते, आई-बाबा शेजारी बसतात, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला ती छान चालते. आरशांच्या भुलभुलैयात लहानगी कपाळ आपटून घेतात, ते टाळा. जंगल सफारीचा पसारा ३७५ एकरांचा आहे, म्हणजे पुतळा, सफारी आणि उद्यान एका दिवसात करायला जाल तर मूल तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत झोपलेले असेल. एकच निवडा. सोमवारी तिथे बंद असते. भाऊबीज ते लाभपंचम या दिवसांत तर अख्खा गुजरात तिथे येतो, तेव्हा ते दिवस सोडूनच जा.

आजव्याला पूर्वी आपण कारंजी बघायला जायचो. आता तिथे थीम पार्क आहे. जवळ असल्यामुळे अर्ध्या दिवसात होते, हा त्याचा मोठा गुण. वॉटर पार्कबद्दल आमचे मत कडक आहे. मूल बुडते तेव्हा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. गुडघाभर पाण्यातही हे होऊ शकते. प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा माणूस, हात पुढे केला की पोचेल इतक्या अंतरावर, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको. दंडावर फुगवायच्या रबरी पट्ट्या म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. मंडळाच्या सहलीत सहा आया गप्पा मारत काठावर आणि वीस मुले पाण्यात असे चित्र असते, म्हणून पाच वर्षांच्या आतल्यांना घेऊन मंडळाने वॉटर पार्कला जाऊच नये.

खोपोलीचे इमॅजिका चांगले आहे, लहानांसाठीही तिथे सावकाश फिरणाऱ्या राइड्स आहेत. पण बडोद्याहून ते रात्रभराचे अंतर पडते. मुंबई-पुण्याला नातेवाइकांकडे राहणे असेल तर जोडून करा, मुद्दाम उठून जाऊ नका.

परदेशाचेही विचारले जाते, कारण पुष्कळांची मुले-सुना दुबई-अमेरिकेत आहेत. तिथेही हाच हिशेब. लेगोलँड दोन ते बारा वर्षांच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवूनच केलेले असते, ते दुबईतही आहे. डिस्नेलँडला तीन वर्षांच्या आत तिकीट नसते, आणि ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही बोटीतली फेरी उंचीची अट न घालता सगळ्यांना घेते. आई-बाबांपैकी एकाने मुलाजवळ थांबायचे आणि दुसरा आला की पहिल्याने पुन्हा रांग न लावता जायचे, अशीही सोय तिथे आहे. वॉल्ट डिस्ने सांगत असे की, मुली फिरत्या घोड्यांवर बसलेल्या असताना आपण बाकावर नुसते बसून राहायचो, त्यातून या पार्काची कल्पना सुचली. बाकावरच्या माणसाचा विचार झाला की सहल बरी होते. आपल्याकडे त्या बाकावर आजी असते, तेव्हा सावली, बसायला जागा आणि पाश्चात्त्य पद्धतीचे संडास आहेत का, हे फोनवर विचारूनच गाडी ठरवा.

कार्यकारिणीपुढे आमची सूचना अशी. मोठ्या मुलांची बस ठरल्याप्रमाणे पार्कला जाऊ द्या. पाच वर्षांच्या आतल्यांची वर्गणी वेगळी ठेवा, ती पार्कच्या मानाने फारच थोडी येईल. त्यांना आम्ही रविवारी सकाळी आठला कमाटीबागेत नेऊ. काळ्या घोड्यापाशी जमायचे, साडेअकराला परत. दर दोन मुलांमागे एक पालक हवा, त्याशिवाय नाव घेणार नाही. डब्यात थेपले किंवा दशम्या द्या, वेफर्स नकोत. प्रत्येकाच्या शर्टाच्या आत आई-बाबांचा फोन नंबर कापडी पट्टीवर शिवलेला असावा, पिनेने लावू नका. नावे आज सभा संपल्यावर आमच्याकडे द्यायची आहेत, वही दारापाशी ठेवली आहे.