चार गुणांची कविता



संमेलनाच्या अध्यक्षाने आभार मानावेत, चार गोड शब्द बोलावेत आणि बसावं, असा रिवाज आहे. मी आज भांडायला उभा आहे, आणि ज्यांच्याशी भांडायचं आहे त्यांतले निम्मे समोरच्या रांगांत बसले आहेत.

सकाळपासून जो तो म्हणतो आहे की मराठीला वाचक उरला नाही. कोणी मोबाईलला दोष दिला, कोणी इंग्रजी शाळांना. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पण पंधरा वर्षांचं मूल कविता वाचून स्वतःचं काही लिहितं, तेव्हा त्याचं आपण काय करतो, हे कोणी विचारलं नाही. माझा आरोप सरळ आहे. वाचक दहावीच्या वर्गात तयार होत असतो आणि तिथेच आपण त्याला गप्प बसवतो.

दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० गुणांची. त्यात कवितेच्या रसग्रहणाला ४ गुण. त्याचे मुद्दे ठरलेले आहेत : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. मुद्द्यांबद्दल माझी तक्रार नाही. कविता काय सांगते, कशी सांगते आणि कोणत्या शब्दांत सांगते, हे विचारलंच पाहिजे. पण क्लासवाल्यांनी आणि गाईडवाल्यांनी त्या तीन मुद्द्यांचे तीन तयार परिच्छेद केले. साध्यासोप्या भाषेतून मनाला भिडणारा संदेश, ओघवती शब्दकळा, अंतर्मुख करणारा आशय. हे नामदेवांना चालतं, इंदिरा संतांना चालतं, नारायण सुर्व्यांनाही चालतं. फक्त कवीचं नाव बदलायचं. तपासणाऱ्याला हे कळतं, तरीही तो साडेतीन गुण देतो.

आता दुसरं उत्तर ऐका. एका पूर्वपरीक्षेतली उत्तरपत्रिका माझ्याकडे आली. शाळेचं नाव मी सांगणार नाही. मुलगी आपल्या नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या गावांपैकी एका गावची, आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहणारी. कविता द. भा. धामणस्करांची ‘वस्तू’. घरातल्या वस्तूंना जीव असल्यासारखं वागवावं, असं सांगणारी. तिने लिहिलं होतं की सगळी कविता घरातल्या, मायेच्या भाषेत चालते, पण मध्येच ‘निष्कासित’ हा शब्द येतो आणि तो कचेरीतला आहे. आमच्या घराला जो कागद आला होता, त्यात हाच शब्द होता. कवीने तो मुद्दाम घेतला असावा, कारण आपल्या जागेवरून काढून टाकलं जाण्याची भीती वस्तूला आणि माणसाला सारखीच असते. पुढे, ‘दळायचं जातं कोणी टाकून द्यायचं नाही’ या अर्थाचं आजीचं वाक्य तिने आजीच्याच आगरी बोलीत, अवतरणचिन्हांत दिलं होतं.

गुण किती? चारपैकी दीड. समासात ‘अलंकार?’ एवढाच शेरा. आजीच्या वाक्याखाली लाल रेघ.

मित्रांनो, त्या मुलीने काय केलं ते नीट पाहा. तिने सगळ्या कवितेचा सूर ओळखला. त्या सुरात न बसणारा एक शब्द हेरला. तो का आला असेल याचं कारण दिलं आणि ते कारण पुन्हा कवितेच्या आशयाला नेऊन जोडलं. एम.ए.च्या वर्गातही असं वाचन रोज ऐकायला मिळत नाही. निर्जीवाला सजीव मानणाऱ्या चेतनगुणोक्ती अलंकाराचं नाव तिला आठवलं नाही, म्हणून अडीच गुण गेले. चेतनगुणोक्ती जे करते ते तिला पुरेपूर कळलं होतं, त्याची किंमत शून्य!

आणि आगरी? आगरी ही पनवेल-उरणच्या या मातीची बोली आहे. प्रमाणभाषेत लिहायला शिकवा, मीही शिकवलं. पण अवतरणातल्या आजीला शुद्धलेखनाचे नियम लावणारा परीक्षक साहित्याची उत्तरं तपासायला लायक नाही, हे मी इथे जबाबदारीने म्हणतो.

कोणी म्हणेल, म्हणजे मुलांनी आपल्या घरच्या गोष्टी लिहाव्यात आणि आपण गुण द्यावेत? मुळीच नाही. विमानतळाची हकीकत पानभर लिहून कवितेला हातही न लावणाऱ्या मुलाला मी एक गुणही देणार नाही. विधान केलंस ना, मग कवितेतली जागा दाखव. जागा दाखवलीस, तर तिथे काय घडतं ते सांग. मोजायचं ते हेच.

आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या, शाळांत साहित्याच्या पहिल्या पेपरात मुलापुढे आधी न वाचलेला मजकूर ठेवतात. एका मजकुराच्या विश्लेषणाला २० गुण, चार निकष, प्रत्येकी ५. समज आणि विश्लेषण या दोन निकषांनाच निम्मे गुण. आमच्या दहावीत अपठित गद्य उतारा आहे, अपठित कविता नाही. लाखोंची फी भरणाऱ्या पोराने अनोळखी कविता स्वतः उलगडायची आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून वर आलेल्या पोराने परिच्छेद घोकायचा, ही वाटणी कोणी केली? नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. त्यांची ‘दोन दिवस’ ही कविता आपण याच पोरांना पाठ केलेल्या उत्तरांतून शिकवतो, याचा मला संताप येतो.

मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. केवढा गहजब झाला! पुढच्या वर्षी ते गुण परत आले. टक्क्यांवर सगळे बोलले. लेखी उत्तरांत मुलांनी लिहिलं काय होतं, यावर एकही सभा झाल्याचं मला आठवत नाही.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे. १५ लाखांवर मुलं, गठ्ठ्यावर गठ्ठे, मुदत अंगावर आलेली, त्यातच निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. तपासणीचं मानधन वाढलंच पाहिजे, त्या मागणीत मी तुमच्याबरोबर रस्त्यावर येईन. पण ‘सगळ्यांना सारखा न्याय’ ही सबब मला सांगू नका. नमुना उत्तराशी जुळवून गुण देण्याने फक्त घोकणाऱ्यांना न्याय मिळतो. नियामकांच्या बैठकीत नमुना उत्तराऐवजी मुलांचीच पाच खरी उत्तरं ठेवा. प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता गुण द्यावेत आणि मग एकाने दीड का दिला, दुसऱ्याने साडेतीन का, यावर कडाडून वाद घालावा. समानता अशा वादातून येते. तो वाद आपण टाळत आलो आहोत.

शिक्षण मंडळाकडे निवेदन जाईलच. पण मंडळाच्या वाशीच्या कार्यालयाकडे बघत बसायची मला गरज वाटत नाही. पूर्वपरीक्षा शाळेच्या हातात असते. येत्या पूर्वपरीक्षेत पनवेल तालुक्यातल्या ज्या शाळा तयार असतील, त्यांनी एक अपठित कविता द्यावी, मुद्दे न देता. प्रत्येक उत्तराखाली गुणाबरोबर एक वाक्य लिहावं, ‘हे कवितेत कुठे दिसलं?’ किंवा ‘ही जागा मलाही नवी होती’, जे खरं असेल ते. त्यातली वादाची उत्तरं घेऊन आपण एका रविवारी बसू. गठ्ठे तपासायला मी स्वतः येईन. कार्यक्रम संपला की मी इथेच व्यासपीठाजवळ थांबणार आहे. तयारी असलेल्या मुख्याध्यापकांनी आणि मराठीच्या शिक्षकांनी जाण्यापूर्वी माझ्याकडे शाळेचं नाव द्यावं.