यंत्रावरील प्रकाशाचा पडदा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही पडलो शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील गाळ्यांतून आपली पुष्कळ मुले काम करतात, काही बांधवांचे स्वतःचे गाळेही आहेत. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला.

धोक्याच्या यंत्रास आडोसा असावा, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाने 21 व्या कलमात घालून दिले. पुढे लोखंडी जाळीच्या जोडीस प्रकाशाचा पडदा आला. एका खांबातून डोळ्यांस न दिसणारे किरण निघतात व समोरच्या खांबात पोहोचतात. मध्ये हात आला, किरण तुटला, की यंत्र थांबते.

परंतु माल तर आत गेला पाहिजे! दर पॅलेटागणिक यंत्र थांबले तर काम कसे व्हावे? याकरिता पडद्यास क्षणभर मौन धारण करावयास लावतात; कारखान्यात यास म्यूटिंग म्हणतात. पॅलेट कोणते आणि माणूस कोणता, हे यंत्राने ओळखावे कसे? त्यासाठी एकमेकांस छेदणारे आणखी दोन किरण लावतात व त्यांचा छेदबिंदू पडद्याच्या आतल्या, धोक्याच्या बाजूस ठेवतात. रुंद पॅलेट पडद्यापाशी पोहोचण्यापूर्वीच दोन्ही किरण जवळजवळ एकदम अडवते. माणूस मात्र दोन्ही किरण अडवू जाईल, तर त्याआधीच पडद्यास लागतो आणि यंत्र थांबते. दोन किरण अडण्यात ठराविक सेकंदांहून अधिक अंतर पडले, तरी मौन मिळत नाही. पॅलेट पुढे सरकले की पडदा पुन्हा जागा! मौन चालू असल्याची खूण म्हणून दिवाही लावतात.

शाळेच्या शिपायाने ओळखीच्या गाडीस फाटक उघडावे व लगेच लावावे, तसेच हे. फाटक उघडे टाकून तो घरी गेला, तर त्यास सोय कोण म्हणेल?

आमच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. तो प्रेसवर होता. प्रेसचा रॅम वर परतताना हातास धोका नसतो. तेवढ्यापुरते मौन एका स्विचाने मिळत असे. काम भरभर उरकावे म्हणून कोणी तो स्विच तारेने बांधून टाकला. खांब जागच्या जागी, पडदा मात्र आंधळा! मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. ज्या हाताने त्याने आमच्या वर्गात बाराखडी गिरवली, तोच हात त्याने आमच्यापुढे धरला, तेव्हा आम्हांस शब्द सुचेना.

राष्ट्रीय सुरक्षा परिषद 4 मार्च 1966 रोजी स्थापन झाली; तो दिवस सुरक्षा दिन म्हणून पाळतात. गाळेमालक बांधवांस विनंती ही, की त्या दिवशी नुसते बिल्ले लावून भागवू नये. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी पडद्यात काठी धरून यंत्र थांबते की नाही, हे पाहावे. आणि मुलांनो, मौनाचा दिवा सारखा जळत राहिलेला दिसला, तर हात आवरा आणि विचारा. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. पडद्याचे मौन क्षणभराचेच शोभते. आपले मौन तेवढेही नको.