संगणकावरील ग्रंथ आणि पानाचा सांभाळ
(ग्रंथपाल व शिक्षक यांच्या शिबिरातील भाषण)



भारतातील पहिला छापखाना १५५६ साली आपल्या गोव्यातच सुरू झाला. खिळ्यांच्या छपाईत जुळाऱ्याने पान एकदा बांधले, की ते सहसा हलत नसे. संगणकावरील पान मात्र बांधलेले नसते. एक शब्द वाढला की ओळ सरकते आणि ओळीमागून पान सरकते. हे ध्यानात न घेतल्यामुळे मी स्वतः एकदा फजीत झालो आहे.

एका स्मरणिकेची मुद्रिते तपासताना, प्रत्येक लेख नव्या पानावर यावा म्हणून मी एंटरची कळ दहादहा वेळा दाबून मोकळ्या ओळी घातल्या होत्या. आदल्या दिवशी तिसऱ्या पानावर देणगीदारांची दोन नावे राहिल्याचे आढळले, ती घातली. पुढील शीर्षके खाली घसरली. एक तर पानाच्या तळाशी एकटेच उरले आणि त्याचा लेख पलीकडच्या पानावर गेला. स्मरणिका तशीच छापली गेली.

वास्तविक कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की पानतोड पडते आणि मागे कितीही मजकूर वाढला तरी लेख नव्या पानावरच सुरू होतो. शीर्षकालाही ‘पुढील परिच्छेदासोबत राहा’ अशी आज्ञा देता येते. मोकळी ओळ ही आज्ञा नव्हे.

आता आपल्या मुख्य कामाकडे वळू. वाळवी लागलेल्या जुन्या ग्रंथांची छायाचित्रे घेऊन संगणकाकडून अक्षरे ओळखवून घेतली, की हाती येणारा मजकूर विस्कळीत असतो. छापील ओळ जेथे संपली तेथे परिच्छेद संपल्याचे चिन्ह पडते. पानाच्या माथ्यावरील ग्रंथनाम आणि पृष्ठांक वाक्याच्या मध्येच घुसतात. अंध वाचकाला संगणक हा मजकूर वाचून दाखवितो, तेव्हा नायिकेच्या संवादात एकाएकी ‘सत्तेचाळीस’ ऐकू येते!

अक्षरे मूळ पानाशी ताडून होईपर्यंत पानतोडी काढू नयेत. नाहीतर ताडायचे कशाशी? नंतर अदृश्य चिन्हे दाखविणारे बटण दाबावे, आणि माथ्यावरील मजकूर व पृष्ठांक काढावेत. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द डोळ्यांनी पाहूनच जोडावेत. ‘आई-वडील’ मधील रेघ ग्रंथकाराचीच असते. मग शोधा-व-बदला या सोयीने, जेथे लागोपाठ दोन परिच्छेदचिन्हे असतील तेथे ग्रंथात कोठेही नसलेली खूण, समजा तीन चांदण्या, घालावी. उरलेल्या एकेका चिन्हाच्या जागी मोकळी जागा घालावी, आणि अखेर चांदण्यांच्या जागी परिच्छेदचिन्ह परत आणावे. हा क्रम उलटला तर सबंध प्रकरणाचा एकच परिच्छेद होतो.

ओव्या, अभंग आणि नाटकातील पदे यांना मात्र या क्रियेतून आधीच वगळावे. कवितेत ओळ कोठे मोडावी हे कवीने ठरविलेले असते. संगणकाला ते कळत नाही, आणि घाईत असलेल्या शोधकालाही कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

मूळ मजकुराची एक प्रत हात न लावता निराळ्या नावाने ठेवावी. आता समोरच्या यंत्रावर एक प्रकरण घेतो. ज्यांनी आपापले ग्रंथ आणले आहेत त्यांनी पुढे यावे.