छंदास भाव विचारूं नये



ह्या महोत्सवी समारंभांत गंभीर विषयांवर बोलावयास अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. मजकडे फावल्या वेळच्या छंदांचा विषय आला, आणि तो मीं आनंदानें पत्करिला. विषय हलका दिसतो खरा. परंतु मनुष्य पोटासाठीं काय करितो हें पाहून त्याची जितकी ओळख पटते, त्याहून अधिक ओळख, कोणी सांगितलें नसतां व कोणी दाम देत नसतां तो काय करितो हें पाहून पटते, असें मला वाटतें.

आपल्या घरांतून आज तीन छंद विशेषेंकरून आढळतात: केक व पाव भाजण्याचा, छायाचित्रें घेण्याचा आणि व्हिडिओ गेम खेळण्याचा. पहिला आईचा, दुसरा बाबांचा व तिसरा मुलांचा असा सर्वसाधारण समज आहे. पण केक भाजणारे चिरंजीव आणि गेम खेळणाऱ्या मातोश्री मीं पाहिल्या आहेत, व त्यांत वाईट कांहींच नाहीं. केक चांगला फुगला कीं शेजारीण म्हणते, "अगं, ऑर्डरी घेऊं लाग." छायाचित्र बरें आलें कीं मित्र म्हणतो, "लग्नाचीं कामें कां घेत नाहींस?" आणि मुलगा खेळावयास बसला कीं वडील विचारतात, "ह्यानें पोट भरणार आहे काय?" म्हणजे स्तुतीचें मापही पैसा आणि निंदेचें मापही पैसाच. ह्या मापाविरुद्ध मला आज बोलावयाचें आहे.

प्रथम भट्टीकडे वळूं. पाव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, आणि त्याचें नांवही त्यांच्याच भाषेंतलें. गोव्याचे पोदेर पूर्वीं खमिराच्या जागीं माडाची सुर घालून पीठ फुगवीत असत. ह्या फुगण्यांत जें घडतें तें मोठें मौजेचें आहे. खमीर म्हणजे नुसत्या डोळ्यांस न दिसणारे सजीव कण. ते पिठांतील साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायु सोडतात. गव्हाचें पीठ भिजवून मळलें म्हणजे त्यांत ग्लूटेनचें चिवट जाळें तयार होतें, आणि वायु त्या जाळ्यांत अडकून राहतो. तांदळाच्या पिठांत हें द्रव्य नसल्यामुळें भाकरीचें पीठ कितीही मळलें तरी त्याचा तसा पाव होत नाहीं. हे कण थंडींत आळसावतात, उन्हाळ्यांत घाई करितात. कचेरींत शंभर माणसांवर हुकूम चालविणाराही त्यांच्यापुढें वाट पाहत बसतो.

बेबिंकेची गोष्ट तर ह्याहून सावकाशीची. अंड्यांचा बलक, नारळाचा रस, साखर, मैदा आणि तूप इतकेंच साहित्य. परंतु एक थर भाजून झाल्यावांचून दुसरा ओततां येत नाहीं. आंच वरून लागते, म्हणून जुन्या घरांत झांकणावर निखारे ठेवीत. सात थर घालावयाचे म्हणजे दुपार गेलीच म्हणून समजावें. आतां ऑर्डरी घेणाऱ्या बाईस ही दुपार मोजावी लागते, आणि तिनें ती मोजलीच पाहिजे, कारण तो तिचा व्यवसाय आहे. व्यवसायास माझा विरोध नाहीं. कित्येक घरें अशा भट्ट्यांवर उभीं राहिलीं आहेत. परंतु जिला आपली दुपार उधळावयाची हौस आहे, तिला ती उधळूं द्यावी. एखादा थर करपला तर गिऱ्हाईक बोल लावावयास येत नाहीं. घरचीं माणसें करपलेला थर सोलून बाकीचे खातात. चुकण्याची एवढी मोकळीक आपणांस दुसऱ्या कोणत्या कामांत मिळते?

आतां व्हिडिओ गेम. येथें वडील मंडळी सांवरून बसतील. हा खेळ दुकानदारांनीं निर्माण केला असा सर्वत्र समज आहे. वस्तुतः त्याचा आरंभीचा इतिहास निराळा आहे. विल्यम हिगिनबॉथम हे अमेरिकन पदार्थवैज्ञानिक. महायुद्धांत त्यांनीं अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलें होतें. पुढें १९५८ सालीं ब्रुकहेवन प्रयोगशाळा पाहावयास येणारे लोक कंटाळूं नयेत म्हणून त्यांनीं ऑसिलोस्कोपच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा एक खेळ मांडला. लोकांनीं त्यासाठीं रांगा लाविल्या. हिगिनबॉथमसाहेबांनीं त्याचें पेटंटसुद्धां घेतलें नाहीं. १९८४ सालीं मॉस्को येथें अलेक्सी पाजित्नोव्ह ह्या संगणकतज्ज्ञानें 'टेट्रिस' रचिला. त्याच्या संगणकास चित्रें काढतां येत नव्हतीं, म्हणून पडणारे ठोकळे त्यानें कंसाच्या चिन्हांनीं दाखविले! कोड्यांची आवड, हें त्याचें मूळ.

सर्वच खेळ ह्या जातीचे नाहींत, हेंही स्पष्ट बोललें पाहिजे. ज्या खेळांत आंत काय निघेल हें ठाऊक नसतां पेटी विकत घ्यावी लागते, त्यांपैकीं कित्येकांस बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनीं २०१८ सालीं जुगार ठरविलें. आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या देशानें २०२५ सालीं कायद्यानें बंदी घातली. येथेंही पाहा, जेथें पैसा शिरला तेथेंच छंद नासला. जागतिक आरोग्य संघटनेनें खेळाच्या व्यसनास आपल्या रोगांच्या यादींत घेतलें, ती यादी २०२२ पासून अमलांत आली. तिच्यांत घड्याळाचे तास मोजलेले नाहींत. खेळावरचा ताबा सुटला काय, इतर सर्व गोष्टी मागें पडल्या काय, हानि होत असतांही खेळ चालूच आहे काय, हें पाहावयास सांगितलें आहे. तेव्हां मुलगा "हा डाव संपूं द्या" म्हणाला आणि डाव संपल्यावर खरोखरच जेवावयास उठला, तर त्या पोरावर उगीच तोंड टाकूं नये. उलट एकदां त्याच्या शेजारीं बसून "मला शिकीव" म्हणावें. बापास हरवितांना मुलाचा चेहरा कसा होतो, हें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांनीं अवश्य पाहावें.

राहिलें छायाचित्रण. मुंबईंत १८५४ सालींच छायाचित्रणाची सोसायटी निघाली होती, आणि तींत डॉ. नारायण दाजींसारखे वैद्यकी करणारे गृहस्थ हौसेनें पडले होते. त्या काळीं कांचा, रसायनें, तंबू, सर्व बोजा बरोबर न्यावा लागे. अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन हा बँकेंतला कारकून ह्याच बोजास कंटाळला. दिवसां बँकेंत हिशेब आणि रात्रीं आईच्या स्वयंपाकघरांत रसायनांचे प्रयोग, असा क्रम त्यानें चालविला. १८८८ सालीं शंभर चित्रांची फिल्म भरलेला त्याचा कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरांस मिळूं लागला, आणि १९०० सालीं ब्राउनी एका डॉलरास. कोणी म्हणेल, ह्याचा तर छंदाचा धंदाच झाला! झाला खरा, पण त्या धंद्यामुळें लक्षावधि लोकांस बिनदामाचा छंद लाभला, म्हणून मी त्यास क्षमा करितों.

आतां कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांत आहे, आणि दुसरें एक चलन निघालें आहे: किती जणांनीं आंगठा दाखविला, तें मोजावयाचें. हेंही भाव विचारणेंच होय. बाबांनीं अंगणांतल्या जास्वंदीचें चित्र काढलें आणि तें कोणाच्याही पसंतीस उतरलें नाहीं, तरी तें काढतांना ते पाव तास जास्वंदीकडे पाहत उभे होते, हा लाभ त्यांचा झालाच.

मात्र ह्या छंदापुरती एक सूचना करितों. घरोघरींच्या जुन्या पेट्यांतून छायाचित्रें निघतात. लुगडीं नेसलेल्या चार बायका ओळीनें उभ्या असतात. त्यांत आजी कोणती आणि आजीची बहीण कोणती, हें सांगणारें आतां कोणी उरलेलें नसतें. फोनमधील हजारों चित्रांची हीच गत होईल. वर्षांतून निदान दहा-बारा चित्रें कागदावर छापून घ्यावीं, आणि ज्या पाकिटांत तीं ठेवावयाचीं त्या पाकिटावर आधींच मऊ पेन्सिलीनें लिहावें: कोण उभे आहेत, साल कोणतें, ओटी कोणाची. चित्र घेणाऱ्याचें नांवही लिहावें, कारण तो स्वतः त्यांत नसतो.