बाळाच्या हातातलं भिरभिरं

आज आम्ही एका चित्राविषयी बोलणार आहोत. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा ते डोळ्यांपुढे आणायचं काम तुमचं.

एका जनावरावर दोन राजे स्वार झालेत. डोकी दोन, पण टोपी एकच, तीही विदूषकाची! एक फ्रान्सचा चौदावा लुई, दुसरा इंग्लंडचा दुसरा जेम्स. हॉलंडच्या रोमेन द होगं यानं १६८९ च्या सुमारास हे चित्र केलं. तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचं, सुईनं रेघा ओढायच्या, मग त्या आम्लानं खोल करायच्या आणि शाई भरून कागदावर छापे काढायचे. दोन कॅथलिक राजांचं साटंलोटं एका टोपीत सांगून टाकलं. आम्ही पोटभर हसलो.

पण याच काळातल्या चित्रांत जेम्सच्या तान्ह्या मुलाजवळ एक भिरभिरं दिसतं, पवनचक्कीसारखं. त्याचा अर्थ कळला आणि आमचं हसू थांबलं. पोर राजाचं नाही, गिरणीवाल्याचं, असं त्यात सुचवलंय.

मुलगा जन्मला १० जून १६८८ ला. त्याच्यामुळे गादी कॅथलिकांकडेच राहणार, जेम्सच्या प्रोटेस्टंट मुलींकडे जाणार नाही, हे खरं दुखणं. मग अफवा उठली की राणी गरोदर नव्हतीच, अंथरूण शेकायच्या निखाऱ्यांच्या भांड्यातून बाळ आत आणलं! राणी मेरीची आधीची सगळी मुलं दगावलेली. बाळंतपणाच्या वेळी खोलीत दरबारी माणसांची गर्दी. तरी सावत्र मुलींनीसुद्धा शंका घेतली. ऑक्टोबरात राजानं चाळीसहून जास्त साक्षी घेतल्या, सुईणीपासून धोबिणीपर्यंत. बाईच्या कळांचा, कपड्यांचा पंचनामा झाला आणि तो छापून वाटला. तरी भिरभिरं काही थांबलं नाही.

द होगं जेम्सच्या जावयाच्या, विल्यमच्या बाजूचा. राजाच्या जुलमाला हसावं, त्याबद्दल आमचं दुमत नाही. पण वार राजावर आणि घाव बाळंतिणीला, हे आम्हाला पटलं नाही. आमच्यातली एक म्हणाली, चित्रकाराला तेवढं चालायचंच. त्यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

नोव्हेंबरात विल्यम फौजेसह इंग्लंडात उतरला. डिसेंबरातल्या एका पावसाळी रात्री राणी सहा महिन्यांचं बाळ छातीशी धरून थेम्स नदीपार निघाली, फ्रान्सला जायला. कुणी ओळखू नये म्हणून तिनं वेष घेतला होता धोबिणीचा.