साखरेच्या भांड्यावरील अक्षरें

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडमधील कांहीं घरांत चहाच्या मेजावर निळ्या कांचेचें एक साखरेचें भांडें दिसे. त्यावर सोनेरी अक्षरें असत: ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनीं तयार केलेली नाहीं. पदार्थाची चव वा वजन न सांगतां तो कोणाच्या श्रमांतून निपजला, एवढेंच तीं अक्षरें सांगत.

या अक्षरांमागें मोठी चळवळ होती. १७९१ सालीं गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्बरफोर्स यांचा प्रयत्न पार्लमेंटांत फसला. त्याच वर्षीं विल्यम फॉक्स यांनीं पत्रक काढून वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य करण्यास लोकांना सांगितलें. मळेवाल्याचा माल घेणारा त्याच्या पापाचाही वांटेकरी होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणें सुमारें तीन लक्ष लोकांनीं ती साखर सोडली. पुढें १८२४ सालीं लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनीं या बहिष्काराचा पुन्हां जोरानें पुरस्कार केला. स्त्रियांना तेव्हां मताधिकार नव्हता. परंतु घरांत कोणती साखर यावी, हें ठरविणें त्यांच्या हातीं होतें. तोच त्यांचा मताधिकार ठरला. १८३३ सालीं गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. तो केवळ साखर सोडल्यानें झाला नाहीं. पण दूरचें दुःख घरोघरीं पोंचविण्याचें काम त्या भांड्यानें केलें.

तथापि त्या अक्षरांत एक उणीव होती. हिंदुस्थानांतही दास्य होतेंच. त्यास कायद्याचा आधार नाकारणारा अधिनियम १८४३ सालीं झाला. म्हणजे भांड्यावरील ग्वाही खरी कीं खोटी, हें चहा पिणाऱ्यास पडताळतां येत नव्हतें.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न १९८८ सालीं हॉलंडमध्यें झाला. मेक्सिकोंतील लहान शेतकऱ्यांच्या कॉफीवर तेथें ‘मॅक्स हॅवेलार’ हें चिन्ह आलें. जावांतील रयतेची डच अंमलांत झालेली पिळवणूक मुलतातुली यांनीं १८६० सालीं ज्या कादंबरींत मांडली, तिचेंच हें नांव. चिन्ह देणारी संस्था विक्रेत्याहून निराळी होती, आणि शेतकऱ्यांस किमान भाव मिळावा, ही तिची अट होती.

चिन्ह कितीही चोख असलें तरी तें गिऱ्हाइकाच्या विवेकाची जागा घेऊं शकत नाहीं. तें लिहिणारा कोण व तपासणारा कोण, हा प्रश्न विचारणारें गिऱ्हाईक असेल, तरच त्या अक्षरांना अर्थ राहतो.