खुराड्याभोवतीचे उंदीर



कापूस-ज्वारीच्या भावासाठी आपण भांडतोच. पण आठवडी बाजाराच्या दिवशी बाईच्या हातात चार पैसे येतात ते कोंबड्या-अंड्यांचे. ते उंदीर नेतो, आणि त्याचा पंचनामा कोणी करत नाही.

एअरगनबद्दल गावोगाव विचारतात. .१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअरगन २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याविना ठेवता येते. जरूर घ्या. पण छर्रा लागतो तो दिसणाऱ्या उंदराला. बिळातली मादी तीन आठवड्यांत पुन्हा विते. अंधार पडता दाणे उचलावेत, बॅटरीला तांबडा कागद लावावा, कारण तांबडा उजेड उंदराला नीट दिसत नाही. मागे मातीचा बांध असेल तिकडेच नेम धरा. दगडावरून छर्रा उलटतो. पोरांच्या हाती बंदूक नको. मेलेला उंदीर पुरून टाका, त्यात शिसे असते आणि कोंबडी चोच मारते.

झिंक फॉस्फाईड तर खुराड्याजवळ नकोच. त्यावर उतारा नाही, आणि वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा तोंडात घेत नाही.

उंदराचे खरे घर म्हणजे खुराड्याला लागून रचलेला पऱ्हाटीचा ढीग नि कडब्याची गंजी. ती आधी हलवा. खुराडे हात-दीड हात उंच घ्या, पाव इंची जाळी ठोका, दाणे पत्र्याच्या डब्यात ठेवा. घुबडाला अपशकुनी म्हणून हाकलू नका, तो बिनपगारी रखवालदार आहे. एवढे करून जे दोन-चार उरतील, त्यांच्यासाठी एअरगन.